काट

एकोणीस वर्षं मी एकच रेघ मारत आले.
आधी काळ्या मार्करनं नऊशे नव्याण्णव,
त्यावर लाल, डावीकडून उजवीकडं जराशी चढती,
खाली ठळक : एकशे नव्वद.
रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी,
रासने सेल डेपो.
इंगवलेबाईंच्या रेघेवर दुकान चालतं,
असं खुद्द शेठ म्हणायचे,
पगारवाढीचा महिना सोडून.

नऊशे नव्याण्णवला ते शर्ट कुणीच कधी विकले नव्हते.
हे मला ठाऊक, शेठना ठाऊक,
आणि गिऱ्हाइकाला काय ठाऊक नव्हतं?
बायका ढिगात कोपरापर्यंत हात घालायच्या,
आंधळं काजं, वाकडी शिलाई, खिशाखालचा डाग
हुडकून काढायच्या, उजेडात धरायच्या,
"याचे दीडशे लावा."
लावायचो.
डाग सापडला की दोघांचंही समाधान.

आता बाणेरला आहोत.
शेठचा धाकटा, अन्वय, बाहेरून शिकून आला,
पाटीवरून सेल गेला, डेपो गेला,
रासनेमधला ने गेला.
उरलं नुसतं रास.
शेठ पाटीखाली उभे राहून म्हणाले,
"आडनावपण डिस्काउंटमध्ये काढलंस का रे?"

रास म्हणजे ढीग, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.
इथं ढीग नाही.
एका दांडीला अकरा शर्ट, मध्ये वीतभर मोकळी जागा,
आणि भाडं त्या मोकळ्या जागेचंच जास्त.

कापड मात्र चांगलंय. खोटं कशाला बोलू.
हातमागाचं, आतून अस्तर, शिलाई अशी
की उलटा घातला तरी कुणी हसणार नाही.
सहा हजार चारशे.
नखाएवढ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीनं, रेघ न मारता.
आयुष्यात पहिल्यांदा मी खरी किंमत लिहिली
आणि ती कुणाला खरी वाटेना.

एक बाई परवा चिठ्ठी उलटून म्हणाल्या,
"रासने... म्हणजे ते शंभरला तीनवाले?"
आणि शर्ट परत अडकवला, हळूच,
आजाऱ्याला खुर्चीत बसवावं तसा.

शनिवारी झैनबबेन आल्या. दोन बस बदलून.
काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या,
गार फरशीवर अनवाणी,
देवडीत थांबावं तशा थांबल्या.
तीन मुलांचे शाळेचे गणवेश, दोन जावयांचे आहेर,
सगळं आमच्या ढिगातलं.
शर्टाची बाही चिमटीत धरली, काजं मोजली,
शिवण दाताशी नेऊन पाहिली.
"याला खोट काय आहे?"
काही नाही, म्हटलं.
"काहीच नाही?"
नाही.
"मग कमी कशावर करू?"
आणि हसल्या, आणि मीही,
आणि अन्वय गल्ल्यामागून बघत राहिला
चुकीच्या भाषेतला विनोद ऐकल्यासारखा.

संध्याकाळी तोच म्हणाला,
"चाळीस टक्के. एकच आठवडा. तुम्ही लिहा, हातानं,
हाताचं अक्षर आता महाग दिसतं."
जुना लाल मार्कर शोधला. अजून ओला होता.
सहा हजार चारशे लिहिलं, मोठं, काळं.
हात आपोआप डावीकडं गेला
आणि तिथंच राहिला.
खोट्या आकड्यावर एकोणीस वर्षं न बघता मारलीय मी,
खऱ्यावर कशी मारतात?
अन्वय म्हणाला, "काय झालं?"
मार्कर उघडा राहिला की सुकतो,
म्हणून टोपण लावलं.

बाहेर, पदपथाच्या कडेला, शेठ
झैनबबेनना रिक्षा करून देत होते.
रिक्षावाला अडीचशे म्हणत होता.
"अडीचशे? सोन्याची आहे का रे रिक्षा?
हे बघ, सीट फाटलंय.
दीडशे घे."
तीन महिन्यांत त्यांचा आवाज
काचेच्या आत ऐकू आला
तो पहिल्यांदाच.