उतारा

रात्री दोनला शेवटचं सलाईन बदलून
मी बाकावर बसते. तिथं साडेनऊ.
संघमित्रा ड्यूटीवरून नुकतीच आलेली,
बूटही न काढता विचारते, "पगार झाला का तुमचा?"
नाही झाला. दोन महिने झाले.

एका बॅचच्या आम्ही. गोंदियाला एका खोलीत,
एकच स्टेथोस्कोप आलटून पालटून.
आता ती कासेलला, मी अर्जुनीच्या ग्रामीण रुग्णालयात,
अकरा महिन्यांच्या करारावर.

तिची चिठ्ठी: दोन हजार नऊशे युरो. कटून हातात एकोणीसशे पन्नास.
गावात सगळे शंभरनं गुणतात.
चहाच्या टपरीवर तिचा पगार एक लाख पंच्याण्णव हजार आहे,
आणि दर महिन्याला थोडा वाढतो.

भागायचं कशानं, ते कोणी विचारत नाही.
तिथं भाडंही थंड आणि गरम असतं म्हणे;
तिचं गरम, सहाशे चाळीस, एका खोलीचं.
रेडिओ नाही, तरी रेडिओचे अठरा.
केस कापायचे तीस, म्हणून ती आणि केरळची एक पोरगी
एकमेकींचे कापतात, वाकडे.
सांभाराची जुडी दीड युरो. इथं बेबीबाई
वांग्यांवर तशीच टाकते पिशवीत, न विचारता.
फॉर्मात धर्माचा रकाना होता. तिनं बौद्ध लिहिलं,
तर चर्चचा कर लागला नाही.
"त्या रकान्यानं पहिल्यांदा आपले पैसे वाचवले व," म्हणाली,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की वॉर्डातली बाळंतीण जागी झाली.

रविवारी तिच्या वडिलांकडे जाते, बीपी पाहायला.
पैकूबाबा. चाळीस वर्षं धान केंद्रावर मापाडी.
ग्रॉस-नेट त्यांना कळत नाही. म्हणतात,
"धान किती टाकलं ते नोको सांगू,
भरडून तांदूळ किती उतरला ते सांग."
मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं.
"सदुसष्ट. बाप्पा! आपल्या राइस मिलचाच उतारा हाये."

मग माझा विचारला.
वीस हजारांतून पीएफचे अठराशे. हातात अठरा हजार दोनशे.
"एक्याण्णव!" बाबा खूश झाले.
"जर्मनीपेक्षा तुहा उतारा भारी."
मग थांबले. पोत्याकडे बघावं तसं
माझ्या पर्सकडे बघितलं.
"पण धानच कमी टाकलं व तुह्या मिलवाल्यानं."

आणि कोंडा? त्यांनी विचारलं. कोंडा कोणाच्या भट्टीत जातो?
तिचा कोंडा तिथल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनीत जातो,
आणि सकाळी सहाला त्यातल्याच एका म्हाताऱ्याला
ती अंघोळ घालते, पाठ चोळून देते,
तो तिला रोज वेगळ्या नावानं हाक मारतो.
हे मी बाबांना सांगितलं नाही.
त्यांची पाठ त्या दिवशी मीच पुसली होती.

"बाबांकडे जातेस, त्याचे किती पाठवू?"
मी पाचशे लिहिले. खोडले. हजार लिहिले. खोडले.
इंजेक्शनचा भाव मला ठाऊक आहे, पन्नास.
बाकीचं कशात धरायचं, सुचेना.
सकाळी तिचे दोन हजार आलेले.
मी ठेवून घेतले. पगार झाला नव्हता.

मीटर आलं नव्हतं तेव्हा बाबा
दाणा दाताखाली धरून ओलावा सांगायचे.
सतराच्या वर गेला की पोतं परत.
या रविवारी मी त्यांना तिचा आवाज ऐकवला,
अर्ध्या मिनिटाचा. जेवलात का, गोळी घेतली का,
इथं बर्फ पडला, मी मजेत आहे.
त्यांनी फोन कानापासून दूर धरला, परत लावला.
म्हणाले, "सतराच्या वर हाये."

मग मी पट्टा बांधला. एकशे साठ, शंभर.
तिला कळवताना
वरचे वीस कापले.