तीन तारा

झाकणाचा तिसरा स्क्रू निघता निघेना.
खाचच गेलेली.
एलिनेदनं त्यावर रबरबँड ठेवला, पेचकस दाबला,
आणि जिभेचं टोक दातांत धरून फिरवला.
साठी आली तरी जिभेची सवय काही जात नाही.

आत चाळीस वर्षांची धूळ,
एक चपटी माशी, बिस्किटाचा चुरा,
कोपऱ्यात तपासणीचा जांभळा शिक्का, पुसट.
तिचा नव्हे. शेजारी बसणाऱ्या नेस्टाचा असेल.
पोर्ट टॅल्बटजवळच्या कारखान्यात आठ महिने
दोघी हे ड्रॅगन तपासायच्या:
पडदा हिरवा उजळला, काळी अक्षरं उमटली, की पुढचा.
मग एका शुक्रवारी पुढचा आलाच नाही.

नवी पट्टी पोस्टानं आली,
नखाएवढ्या चिपा, टोकाला एचडीएमआयचं तोंड.
जुन्या टीव्हीसाठीची पत्र्याची डबी तिनं उपटली.
भोक तिचंच वापरायचं,
पेटीला नवं पाडायचं नाही,
हे तिनं स्वतःला आधीच बजावलं होतं.

चित्राच्या चिपेपासून तीन तारा घ्यायच्या.
एकीत नुसतं तेज.
उरलेल्या दोघींत रंग.

घरात तेव्हा रंगीत टीव्ही होता, भाड्याचा,
पुढच्या खोलीत, वडिलांच्या खुर्चीसमोर.
त्याला कॉम्प्युटर जोडायचा नाही, काच फुटेल म्हणे.
रात्रपाळीला वितळलं लोखंड हाताळणारा माणूस,
घाबरायचा तो एवढ्यालाच.
म्हणून स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याला खेटून,
मावशीनं टाकून दिलेला बारा इंची, काळा-पांढरा.
त्यावर तेरा वर्षांच्या गेथिननं
ओळीमागून ओळ टाइप करत एक चित्र काढलं होतं.
डोंगर, घर, समुद्र, जहाज.
राखाडी, राखाडी, जरा गडद राखाडी.
सगळे वाहवा म्हणाले होते.

रंगांच्या तारा तेव्हाही जाग्याच होत्या.
रोज संध्याकाळी दोघी दारापर्यंत यायच्या.
आत घेणारं कुणी नव्हतं.

पहिल्या खेपेला आयओ एरर.
दुसऱ्यालाही.
पेन्सिल घालून तिनं फीत घट्ट केली,
आवाज अर्ध्यावर आणला,
आणि त्या किरकिरीकडे पाठ करून कप विसळले.
ओके.

भिंतीवरच्या नव्या पडद्यावर
कडा इतक्या धारदार
की डोंगराला पायऱ्या आहेत हे आजच कळलं.
डोंगर हिरवा.
खिडक्या पिवळ्या. आकाश निळं.
समुद्र लाल.

तिनं आधी स्वतःच्याच डाखावर संशय घेतला.
भिंग लावलं, दोन टाके पुन्हा तापवले.
टाके बरोबर होते.
मग लिस्ट. ओळ एकशे चाळीस:
पेंट, कंस, दोन आकडे, कंस, स्वल्पविराम, चार.

तीन म्हणजे निळा. चार म्हणजे लाल.
कळफलकावर दोघे शेजारी,
आणि चिपेनं दोघांना तेजही एकाच मापाचं दिलेलं,
त्या टीव्हीवर कुणालाच कळलं नसतं.
ज्यानं काढलं, त्यालाही.

गेथिन कार्डिफला बस चालवतो.
फोन उचलला तेव्हा डेपोत चहा पीत होता.
"समुद्र? निळाच की. आणखी कसला असतो?"
मग थोडं थांबून,
"जहाजाला धूर आहे का गं?
मी धूर विसरलो होतो, असं वाटतं कधीकधी."
"आहे," ती म्हणाली.
आहेच. तीन ठिपके.

दुमजली पलंगावर वरची जागा त्याची होती,
खिडकीला नाक लागेल अशी.
भट्टीची मळी रात्री ओतायचे, तेव्हा
आधी खोलीचं छत उजळायचं,
आणि वरून तो कुजबुजायचा, झोपलीस?
ती झोपल्याचं सोंग घ्यायची.
त्याला तिथून काय दिसायचं, ते तिनं कधी विचारलं नाही.
भट्ट्या आता विझल्यात. रात्री छत अंधारं असतं.

दुरुस्तीला एक कळ पुरते.
तिचं बोट तीनवर गेलं, थोडा वेळ तिथेच राहिलं,
आणि मग तिनं टेबलावरचे डाखाचे थेंब
एकेक करून टिपले.

झाकण अजून उघडंच आहे.
तिसरा स्क्रू नवा आणावा लागेल.