अकरा टन

बिलिंगहॅमला होते तेव्हा मी टनांत विचार करायचे.
अमोनियाचा प्लांट तीन वर्षं न थांबता चालला
त्या दिवशी डेरेकनं सगळ्या शिफ्टला मासे आणि चिप्स दिले,
व्हिनेगरचा वास कंट्रोल रूममध्ये आठवडाभर होता.

तिथली चूक मैलभर ऐकू जायची.
भोंगा वाजायचा, फ्लेअर उंच व्हायचा,
पलीकडच्या गल्लीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या.

एका मार्चअखेरीस ताळेबंदात अकरा टन कमी भरले.
डेरेकनं चहात बिस्किट बुडवलं.
'मीटर खोटं बोलतंय. टाक, समायोजन.'
मी टाकलं.
खंडीच्या हिशेबात गुंजेला कोण विचारतं?

आता नदीच्या वरच्या अंगाला, बार्नर्ड कॅसलजवळ,
मेंढ्यांच्या कुरणांमध्ये आमचा गोळ्यांचा कारखाना.
पंप तेच. चाळणं, मिसळणं, वाळवणं तेच.
कॉलेजात घोकलेली समीकरणंसुद्धा तीच.
फक्त आत शिरताना टिकली काढावी लागते.
लॉकरच्या दारावर आतून चिकटवते मी ती,
सत्तावीस झाल्यात,
काही माझ्या, काही अर्ध्या गोंदाच्या.

मंगळवारी पांढऱ्या गोळ्यांचा लॉट होता.
पट्ट्याच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या मागे,
मला एक पिवळी दिसली.
कालची. एकच.
बोट पुढे गेलं होतं,
उचलून खिशात घातली असती तर संपलंच होतं.
पण त्या कपड्यांना खिसे नसतात.

मॉरीन रागावली नाही.
'किती वाजता दिसली?' एवढंच.
दोन वाजून बारा मिनिटं. लिही. सही कर.
चाळीस हजार पांढऱ्या गोळ्या कुलपात गेल्या
एका पिवळीपायी,
आणि आम्ही सहा जण गुडघ्यांवर बसून
टॉर्चनं यंत्राच्या पोटात शोधत राहिलो,
दुसरी आहे का.

तिथे माल टँकरमध्ये जायचा.
टँकरलाही तोंड असतं, पण ते कुणाचं नसतं.
इथली चूक घोटभर पाण्याबरोबर जाते,
आवाज न करता,
बहुधा जेवणानंतर.

घरी येताना पुलावर गाडी हळू केली.
खाली टीज, तांबूस, पावसानं फुगलेली,
बिलिंगहॅमच्याच दिशेला निघालेली.
त्या अकरा टनांची वेळ, तारीख, सही
मॉरीननं मागितली
तर माझ्याकडे एक शब्द आहे फक्त,
आणि बिस्किटाचा भिजलेला तुकडा
कपात गळून पडला तो आवाज.