शेऱ्याचा रकाना

भार्गव येमूल, तिसरी ब.
गेल्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात
माझ्याच अक्षरात आहे: लक्ष देत नाही.
हिरवी शाई. तेव्हा मला हिरवी शाई आवडायची.

मी बार्शीची. इथे सोलापुरात एका बाकावर
तेलुगू, कानडी, उर्दू मांडीला मांडी लावून बसतात
आणि फळ्यापाशी मी, मराठी.
म्हणून त्याचं न बोलणं मला लगेच कळलं.
म्हणजे, कळलं असं वाटलं.

वही काढ, पान बारा उघड, वर तारीख लिही
म्हटलं की तो वही काढायचा
आणि वहीकडे बघत राहायचा,
एसटी चुकलेल्या माणसासारखा.
पेल्याला म्हणायचा, ते... पाण्याचं.
डस्टरला, ते... पुसतं.
काल मी पडलो, हे सांगायला
पडतो काल तो मला.
पोरं हसायची. कधी मीही.

पालकसभेला त्याची आई आली,
सुपातल्या विड्या अर्ध्यावर टाकून,
बोटांना तंबाखूचा वास.
मी तिला सांगितलं, अगदी समजुतीच्या सुरात:
घरी तेलुगू बंद करा. मराठीच बोला.
ती हो म्हणाली. बाईंना नाही म्हणायचं नसतं.

नागमणीजवळ मराठी होती किती?
बाजाराची, रेशनची,
हजार विड्या मोजून देण्यापुरती.
मुलासाठी त्यातून निघाले एवढेच शब्द:
ऊठ. जेव. शाळा. झोप. मार खाशील.
पाच महिने त्या खोलीत
ती मुकाट विड्या वळत राहिली
आणि आजोबांनी गोष्टीतला राजा
जंगलातच सोडून दिला.

मला हे फार उशिरा कळलं,
सिव्हिलमधल्या वाचा-उपचाराच्या खोलीत,
एप्रिलमध्ये, गरम वारा फेकणाऱ्या पंख्याखाली.
कोरवार मॅडमनी चित्रं मांडली
आणि शिपाई मल्लेशमला म्हणाल्या,
तुमच्या भाषेत विचारा त्याला.
माठाचं चित्र.
भार्गवचा हात वर उठला, ओठ हलले.
तेलुगूतही शब्द आला नाही.
नागमणी हळूच म्हणाली,
"आमच्यात पण असंच अडकतंय की ओ बाई, लहानपणापास्नं.
तुम्ही विचारलंच नाही."

मॅडम म्हणाल्या, कान ठीक आहेत. बुद्धी ठीक आहे.
भाषा रुजायलाच जड जाते त्याला, कुठलीही.
दोन भाषांमुळे हे झालेलं नाही,
एक काढून घेऊन जाणार नाही.
आईची जी आहे तीत बोला. भरपूर बोला.
मी पर्सची चेन उघडत, लावत बसले.

परतताना रिक्षात त्याचे वडील म्हणाले,
धागा तुटला की माग थांबतो.
थांबला म्हणून मागाला कोण शिव्या देतं?
हे वाक्य वर्गात भिंतीवर लावावंसं वाटलं.
मग वाटलं, नको. पोरगं म्हणजे माग नाही.

आता एकच सूचना देते. मग गप्प. मग दुसरी.
बोटाने दाखवते. मनात दहा मोजते.
दहा हा फार मोठा आकडा आहे,
चाळीस पोरांसमोर मोजून बघा.

परवा विचारलं, बाबा काय करतात?
त्याचा हात डावीकडून उजवीकडे गेला, परत आला.
तौफिक पुटपुटला, धोटा, धोटा.
मी ओठांवर बोट ठेवलं.
चार. पाच.
खिडकीबाहेर कारखाना खटखटत होता.
आठ. नऊ.
"बाबा... आवाज करतो."
चुकलं, तौफिक म्हणाला.
मी ते फळ्यावर लिहिलं, जसंच्या तसं.

घरी आजोबांचा राजा निघालाय म्हणे जंगलातून.
अजून पोचलेला नाही.

शेऱ्याचा रकाना यंदाही तेवढाच, दीड बोटाचा.
मी लिहिलं: थांबून ऐकावं लागतं.
हेडमास्तर चष्मा वर करून म्हणाले,
बाई, हा शेरा विद्यार्थ्याचा वाटत नाही.

नाहीच.