तेराशे अक्षरं

चौकटीत जागा तेराशे अक्षरांची.
दोन शब्दांमधली रिकामी जागाही मोजतात,
स्वल्पविरामही.
वर प्रश्न : सुरुवातीच्या गुणांबद्दल
आपल्याला काही सांगायचं आहे का?

रात्रपाळी सुटलीय. मी गाडीतच बसलेय
डुलुथच्या इस्पितळामागे, हीटर लावून.
जून आहे, पण सरोवरावरचं धुकं हाडात शिरतं इथे.
मांडीवर लॅपटॉप, बोटांना स्पिरिटचा वास,
आणि खाली बंदरात लोहखनिजाचं एक लांबच लांब जहाज
पूल उचलला जायची वाट बघत थांबलेलं.

केमिस्ट्री : एफ.
कॅल्क्युलस : डी, तोही मास्तरांच्या दयेचा.
बायॉलॉजी : मध्येच सोडलं.
केमिस्ट्री, पुन्हा : पहिले पाढे पंचावन्न.

त्याखाली चौदा वर्षांचं अंतर,
आणि मग ए, ए, ए, ए,
संध्याकाळच्या वर्गांत, डबा मांडीवर ठेवून मिळवलेले.
पण सरासरी रागावत नाही, माफही करत नाही.
ती फक्त भागाकार करते.

पहिल्या मसुद्यात मी आर्वोला लिहिलं.
माझा भाऊ. पिकअप ट्रक, काळा बर्फ, हायवे एकसष्ट.
लिहिताना रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं.
सल्लागार मिसेस थिबोडो चष्मा काढून म्हणाल्या,
हे चालेल. समितीला कारण लागतं, सिग्ने,
आणि तुझ्याकडे कारण आहे.

पण तारखा.
आर्वो गेला तो मार्च होता.
दुसरा एफ त्याच्या आधीच्या डिसेंबरातला.
तीन महिने. कोण बघतंय तीन महिने?
फक्त एवढंच करायचं होतं की
मेलेल्या भावाला
तीन महिने आधी मारायचं.

त्या डिसेंबरात तो चार तास गाडी हाकत मला न्यायला आला होता.
पेपर कसा गेला, म्हणाला.
बरा गेला, म्हणाले.
आणि त्याने वाटेत थांबून मला गरम पेस्टी खाऊ घातली,
पेपर बरा गेला म्हणून.
पेपर आठला होता. मी उठले होते अकरा वाजून दहा मिनिटांनी.
आजारी नव्हते. पैशांची चणचण नव्हती.
कुणी दुखावलं नव्हतं मला.
एकोणीस वर्षांची होते आणि झोपले होते,
आणि जागी असते तरी मला काही येत नव्हतं.

आज पहाटे तिसऱ्या मजल्यावरचे मिस्टर हॉगन,
वय अठ्ठ्याऐंशी, शिरा निसरड्या,
सुई टेकली की बाजूला सरकणाऱ्या.
एकदा चुकलं. दुसऱ्यांदाही.
दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा टोचायचं नाही,
दुसऱ्या कुणाला बोलवायचं, असा आमच्याकडे नियम.
माझं चुकलं, मी म्हणाले, दुसऱ्या कुणाला बोलावते.
ते म्हणाले, दिवसभर सगळे मला सांगतात
की माझ्या शिराच वाईट आहेत.
आणि बाही गुंडाळायची तशीच राहू दिली.

मी सगळं खोडते.
आर्वोला त्याच्या मार्चमध्ये परत ठेवते.
लिहिते : मी अभ्यास केला नाही.
त्याला कारण नव्हतं.
नंतर मी रक्त काढायला शिकले, नऊ वर्षं काढतेय,
आणि चुकलं तर रुग्णाला सांगते.
आणखी काय लिहावं सुचत नाही.
अकराशेहून जास्त अक्षरं शिल्लक दिसतात.
चौकट तशीच पांढरी,
मिसेस थिबोडो डोक्याला हात लावतील.

जहाजाने भोंगा दिला, एक लांब, दोन आखूड.
पुलाने तसाच परत दिला.
बॅटरी सहा टक्के.
पाठवलं की नाही ते बघायच्या आत पडदा काळा झाला.

आता घरी जाऊन झोपायचं.
गजर तीन लावून,
त्यातला एक खोलीच्या पलीकडच्या टोकाला.