शेवटचं प्रकरण सोडून

सोसायटीच्या वाचनालयात तेवीस खुर्च्या, माणसं अकरा.
त्यातले दोघं पंपाच्या खोलीची किल्ली मागायला आलेले
आणि चहा दिसला म्हणून बसलेले.
फलकावर हेमलता मढवीच्या जागी हेमलता माधवी.
चालायचं. कोपरखैरणेच्या गावठाणाबाहेर
मी दोन्ही नावांना ओ देते.

म्हटलं, कादंबरी डिसेंबरात येतेय.
शीर्षकावरून प्रकाशकांशी अजून वाद,
त्यांना त्यात 'रात्र' हवीच आहे.
गोष्ट तुर्भ्याच्या बाजारातली:
शीतगृहात हिशेब लिहिणारी निशिगंधा,
यंत्रं दुरुस्त करायला येणारा केदार.
तो दर शुक्रवारी पेटीतलं एक सफरचंद तिच्यासाठी बाजूला काढतो,
ती ते पदराला पुसते आणि खात नाही.
लग्न होतं. इथवर प्रेमकथा.
मग एका रात्री त्याच्या सदऱ्याच्या खिशात
किल्ली सापडते,
घरातल्या कुठल्याच कुलपाला न लागणारी.
इथून पुढे, मी म्हणाले, जपून वाचा.

डिंगणकरबाईंनी विचारलं, "खून आहे ना?"
"एक आहे. पण त्यात फारसं काही नाही."
त्यांचा चेहरा पडला.
बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले,
शीतगृहात कोंडलेलं माणूस किती टिकतं, चौकशी केलीत का?
केली. गोणपाट गुंडाळून मी स्वतः वीस मिनिटं उभी राहिले.
दहाव्या मिनिटाला राग जातो.
पंधराव्याला कळतं, हाक मारायची तर कुणाला.

एक मुलगी, दप्तर मांडीवर:
"किल्लीची कल्पना कुठून सुचली?"

शेवटच्या रांगेत, दाराला लागून, जनार्दन बसला होता,
नखांत पितळेचा भुगा,
सेक्टर पंधराच्या कोपऱ्यावरची टपरी
माझ्यासाठी दोन तास बंद ठेवून.
मी म्हणाले, "आमच्या घरात किल्ल्यांना काय तोटा!"
सगळे हसले. तोही.

हे सांगितलं नाही:
गेल्या मार्चात त्याच्या दाढीच्या डब्यात,
ब्लेडच्या पाकिटाखाली,
मऊ फडक्यात गुंडाळलेली एक किल्ली.
किल्ल्या करणाऱ्याच्या घरात किल्ली मिळाली
तर त्याला पुरावा कोण म्हणेल?
पण बाकीच्या शेकडो तारेत ओवलेल्या असतात,
फडकं या एकीलाच.
दुपारी तो नसताना मी ती दिरांच्या बंद गाळ्याला लावून पाहिली,
मग टाकीच्या खोलीला,
मग, सांगायला लाज वाटते,
समोरच्या विधवा शिक्षिकेच्या जाळीच्या दाराला.
कुठेच फिरली नाही.
पुन्हा फडक्यात बांधली, होती तशीच,
गाठसुद्धा डावीकडे.
विचारायला एक वाक्य पुरलं असतं.
मी दोनशे एकाहत्तर पानं लिहिली.

लिहिताना केदार मला आवडायला लागला, हीच पंचाईत.
त्याला गुन्हेगार करायला बसले
की तो उठून तिच्या पायांवर पांघरूण घालायचा.

परतताना खाडीवरून चिखलाचा वास येत होता.
उरलेली पत्रकं जनार्दनने काखेत धरलेली.
तो वाचत नाही. आजवर माझं एक पान नाही.
दात मोजतो फक्त, किल्लीचे.
औषधाच्या दुकानापाशी थांबला,
"तुझ्या गोष्टीतली ती," म्हणाला, "पितळी आहे ना?"

पितळी मी सभेत म्हणाले नव्हते.
पुस्तकात तर लोखंडी लिहिली आहे.

"डिसेंबरात कळेल."
"शेवट लिहून झाला?"
"प्रकाशकांकडे गेला."
खोटं. तांदळाच्या डब्यामागे
चौदा कोरे कागद आहेत अजून.

तो हं म्हणाला, पत्रकं या काखेतून त्या काखेत घेतली.
रस्ता मोकळा झाला होता केव्हाचा.
माझ्या कोपराला हात लावून म्हणाला, "चल,"
आणि घराच्या नेहमीच्या गल्लीकडे
वळला नाही.