घासाघीस

हाल्डरच्या गॅरेजात भाव दोनच:
एक "दिसायला बरं", एक "बरं".
पहिल्याला बाराशे डॉलर, दुसऱ्याला साडेचार हजार.
मधला भाव विचारणाऱ्याला
तो स्टूल देतो, कॉफी देतो,
भाव देत नाही.

मी बिलं लिहिते. मंगळवारी आणि शुक्रवारी.
फर्गस फॉल्सला मार्चातही बर्फ गुडघाभर,
हीटर पायाशी, वही मांडीवर,
समोर ओळीनं सोड्याच्या बाटल्यांची जुनी यंत्रं
दारं उतरवून उभी,
दवाखान्यात शर्ट काढून थांबलेल्या म्हाताऱ्यांसारखी.

लोक म्हणतात, एवढे? या डब्याला?
पाच सेंटांत बाटली द्यायचा हा!
हाल्डर म्हणतो, हो, पण पाच सेंट खरे मागायचा.
नाण्याच्या वाटेवरचं नखाएवढं चुंबक दाखवतो:
लोखंडाची चकती टाकलीत, की इथंच धरायचा.
मग क्रोम कसा चढतो ते सांगतो,
आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम,
आणि त्याच्याही आधी आठवडाभर नुसतं घासणं.
"तुमची घासाघीस संपली," म्हणतो,
"की माझी सुरू."

डोर्ला फाइफर वाहपेटनहून आली.
पिकअपमध्ये, घोंगडीत गुंडाळलेलं,
वडिलांच्या पेट्रोल पंपावरचं यंत्र.
लाल रंग अजून तुकतुकीत.
नुसतं थंड होत नाही, म्हणाली.
हाल्डरनं खिशातलं चुंबक दारावर फिरवलं.
चिकटलं. चिकटलं. चिकटलं.
मुठीजवळ पडलं.
पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.
"लांबी भरलीय. बोटभर जाड. आत पत्राच नाही.
कोण चोर होता हा?"
डोर्ला म्हणाली, बाबांनी करून घेतलं होतं
कुठंतरी, स्वस्तात.
तिनं साडेचार हजार ऐकले,
हातमोजे काढले, घातले,
हो म्हणाली.

तिसऱ्या दिवशी घासायचं मशीन थांबलं
आणि बराच वेळ सुरू झालं नाही.
मी आत गेले.
दाराचं अस्तर उतरवलेलं,
जिथं गिऱ्हाईक कधी बघत नाही तिथं
पेन्सिलीनं: एच. ई., ऑगस्ट सत्त्याऐंशी.
ते अक्षर मी रोज वाचते.
त्या उन्हाळ्यात त्याला जुळं झालं होतं,
भाव तेव्हा एकच होता, दोनशे पंच्याहत्तर,
आणि लांबीचा डबा चार डॉलरला.

एप्रिलभर तो त्या एका दारावर.
सडलेलं कापलं, नवा पत्रा जोडला,
हातोडीनं उठवला, बसवला, पुन्हा उठवला.
फार्गोचं गिऱ्हाईक कंटाळून यंत्र परत घेऊन गेलं.
तो कॉफी थंड करून प्यायला लागला.

बिल सांगताना म्हणाला:
काँप्रेसर लिही, रबर लिही, क्रोम लिही.
पत्रा, शून्य.
मी म्हटलं, वीज थकलीय दोन महिन्यांची,
शून्यानं भरायची?
तो हात धुवायला गेला.
त्याचं उत्तर असंच असतं.
पण तपशिलाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही,
कागदावर शून्यालाही कारण लागतं.
मी लिहिलं: जुनी बाकी.

डोर्लानं दार उघडलं, मिटलं.
पुन्हा उघडून मिटलं, नुसत्या आवाजासाठी.
मग बिल पाहिलं. इतकं कमी?
तिच्या डोळ्यांत शंका आलेली मला दिसली.
पर्समधून तिनं एक चुंबक काढलं,
फ्रिजवरचं, माशाच्या आकाराचं,
घरून मुद्दाम आणलेलं,
आणि मुठीजवळ लावलं.
मासा चिकटून राहिला.

तरी तिचं बोट कागदावर खाली सरकत गेलं
आणि माझ्या अक्षरांवर थांबलं.
चेहरा लाल झाला, कानांपर्यंत.
"बाबांची?" तिनं हळूच विचारलं.
"किती राहिली होती?"
आणि पर्स पुन्हा उघडली.

आत नळ अजून वाहत होता.